मुखपृष्ठावर ढगात बसलेली नात

ये गं, अशी माझ्या पुढ्यात येऊन बस. तू पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, पण वाचताना तरी माणसानं जवळ यावं. आणि तो मोबाइल उलटा ठेव बाजूला. त्याच्यावरच तर तू माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलंस आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची एक रांग पाठवून दिलीस. सख्ख्या मावशीचं पहिलं पुस्तक, आणि भाचीला आधी हसू सुटलं. हसण्यासारखं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी इथं आमच्या विश्रामबागच्या घरात काय चाललं होतं ते तुला कुणी सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. म्हणून लिहिते आहे.

मुखपृष्ठांशी माझं भांडण जुनं आहे बघ. शाळेत मी गेले ती मेंढरं गावात असायची तेवढ्या दिवसांपुरती. मेंढरं चालायला लागली की शाळा मागं. पुढं वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, वाणसामानाच्या पुड्यांवरून, आणि म्हातारपणी नातीच्या पुस्तकांवरून. नात कॉलेजात गेली आणि ती जाडजाड अद्भुत कादंबऱ्या आणायला लागली. कुठल्या कुठल्या देशांतल्या, मराठीत आणलेल्या. राक्षस, जादूच्या तलवारी, बोलणारी झाडं. मला त्याचं वेड लागलं. आपल्या लहानपणी मेंढरांच्या मागं चालताना म्हाताऱ्या सांगायच्या त्याच गोष्टी, फक्त थंडी जास्त.

पण त्यांची मुखपृष्ठं. आत लिहिलेलं असतं, पोरगी सावळी, केस कापलेले, एका पायानं लंगडी. वर चित्रात गोरीपान बया, केस वाऱ्यावर, दोन्ही पाय धड. एकावर ड्रॅगन होता. मी चष्मा लावून अख्खं पुस्तक वाचलं, पानापानात ड्रॅगन शोधला. शेवटपर्यंत आलाच नाही. नातीला म्हटलं, "ह्यो तिकिटावर आला, खेळाला न्हाई आला." ती म्हणाली, "आजी, ड्रॅगन असला की खपतं." मी म्हटलं, माझं पुस्तक निघालं तर असलं काही नको. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

मग माझं खरंच निघालं. नातीची आई ती तीन वर्षांची असताना गेली, हे तुला माहीत आहे. पोरगी आईसाठी रडायची तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगायला लागले. एक धनगराची लेक हरवलेलं कोकरू शोधत डोंगराच्या पोटात जाते, तिथं सावल्यांचं गाव असतं, तिथली माणसं दिवसा दिसत नाहीत, आणि ही हातात टेंभा घेऊन चालत राहते. रोज थोडी थोडी सांगितली, वर्षानुवर्षं सांगितली. ती मोठी झाली, कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरीला लागली, आणि एका दिवाळीत म्हणाली, "आजी, तू सांग, मी मोबाइलवर टाइप करते." अशी ती गोष्ट कागदावर आली.

छापायला दिली कुपवाडातल्याच एका छपाईवाल्याला. माणूस गोड, गरीब. पुस्तकं तो वर्षाला एखादंच छापतो. त्याचा खरा धंदा फ्लेक्सचा. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीचे फ्लेक्स, आणि मयताचे. कुणी गेलं की तासाभरात चौकात जो बोर्ड लागतो ना, तो. त्याच्याकडं संगणकात चित्रांचा साठा आहे तो सगळा ह्या तीन कामांचा. सिंह वाढदिवसासाठी, तलवार निवडणुकीसाठी, आणि ढग, फुलं आणि ज्योत तिसऱ्यासाठी. त्यानं मला विचारलं, "आजी, चित्रात काय काय घालू?" मी त्याला सांगितलं, डोंगर, कोकरू, लांडगा, टेंभा हातात घेतलेली पोर. पोर कशी दिसते म्हणाला. नातीनं मोबाइलमधला स्वतःचा फोटो त्याला पाठवला, म्हणाली, साधारण अशा चेहऱ्याची काढा.

काढणार कुठून बिचारा? त्याला काढता येत नव्हतं, चिकटवता येत होतं.

गठ्ठे आले ते एका गुरुवारी सकाळी, टेम्पोनं. मुलगा आणि नात दोघंही कामावर गेलेले. मुलगाही कुपवाडलाच, पण दुसऱ्या कारखान्यात. घरात मी एकटी. टेम्पोवाल्यानं गठ्ठे पुढच्या खोलीत रचून दिले. मी हात धुतले, देवापुढं दिवा लावला, आणि विळीनं एका गठ्ठ्याची दोरी कापली.

तुला सांगते, मी ते पुस्तक हातात धरलं आणि चष्मा पुसून परत बघितलं.

वर जांभळं आभाळ. आभाळात पांढरे ढग. ढगांच्या मधोमध लांबट गोलात माझ्या नातीचा चेहरा, हसणारा, भोवती पिवळा उजेड. खाली मधोमध ज्योत. मी टेंभा सांगितला होता, त्याच्याकडं ज्योत होती. दोन्ही कडांना पांढरी फुलं. लांडग्याच्या जागी सिंह, तो एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा. कोकरू विलायती, गुबगुबीत पांढरं, आपल्यातलं नव्हेच. मागं एक ड्रॅगन, तोही अर्धा ढगात बुडालेला. पुस्तकाचं नाव सोनेरी अक्षरांत, त्याला लाल कड, त्याला काळी सावली, मला स्वतःला माझ्या पुस्तकाचं नाव वाचता येईना. आणि खाली डाव्या हाताला, लेखिका म्हणून मी. कुठल्याशा लग्नातला फोटो, हात जोडलेले.

तू शहरातली, तू ड्रॅगन बघितलास. पण कुठल्याही चौकात आयुष्य काढलेल्या माणसाला विचार. ढगात चेहरा, खाली ज्योत, त्याखाली हात जोडून उभी असलेली म्हातारी. हे चित्र आपल्याकडं एकाच वेळी लावतात.

मी ते पुस्तक पालथं घातलं. मग सगळा गठ्ठाच फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला. मनाला समजावलं, बाई, छपाईवाल्याची चूक आहे, कागद आहे. पण मन ऐकतंय का. नात सकाळी स्कूटीवर गेली तेव्हा हेल्मेट घेतलं होतं का, हे आठवायला लागले. आठवेना. कुपवाडच्या रस्त्यावर मालट्रक कसे येतात तुला ठाऊक नाही. मी तिला फोन लावला. बंद. तो बंदच असतो, त्यांच्या कारखान्यात गेटवर मोबाइल जमा करून घेतात, पेटीत ठेवतात. रोजचं आहे. रोज मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

आता तिकडं काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं, तुला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तू गोंधळणार नाहीस. छपाईवाल्यानं त्याच सकाळी मुखपृष्ठाचं चित्र माझ्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलं होतं. त्याला आनंद झाला, आईचं पुस्तक. त्यानं घाईघाईत ते आपल्या सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं, त्यासोबत एक अक्षर लिहिलं नाही, आणि मोबाइल गेटवर जमा करून आत गेला. झालं. बापानं लेकीचं ढगातलं चित्र टाकलंय, खाली ज्योत आहे, आजी हात जोडून आहे, नाव वाचता येत नाही, आणि बापाचा फोन बंद. दुसरं काय समजायचं माणसांनी? पहिल्यानं कुणी तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, मग ती रांग थांबेना. मधेच तुझी हसणारी तोंडं आली. त्यावर तुला लोक काय काय बोलले ते वाचलंस का? पोरगी गेली आणि हिला हसू येतंय, असं.

माझ्याकडं बटणांचा फोन. मला ग्रुप कुठला. मला ह्यातलं कणभर माहीत नव्हतं.

दुपारी पहिला फोन आला खंडाळ्याच्या आपल्या चुलतभावाचा. हा माणूस वर्षात दोनदा फोन करतो, संक्रांतीला आणि दसऱ्याला.

"आक्का, जेवलीस का?"

"जेवायचंय. का रं?"

मग म्हणाला, "घरात कोण हाय जवळ?"

"कोण न्हाई. पोरगा, नात दोघं कामावर."

मागं कुणी तरी बाई हळू बोलली ते मला ऐकू आलं, "तिला ठावं न्हाई वाटतं अजून." आणि त्यानं तोंडावर हात ठेवल्यासारखा फोन दाबला.

"काय ठावं न्हाई?" मी विचारलं.

"कुठं काय. शेजारणीला बोलवून घे जरा. एकटी बसू नगंस." फोन बंद.

मी तो हातात धरून उभी. आपल्यात म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी कशी देतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तुझे काका ट्रक घेऊन गेले आणि घाटात गेले, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. दीर म्हणाले, जरा लागलंय, दवाखान्यात ठेवलंय, आपण जाऊन येऊ. आणि जावेनं ताट वाढून पुढ्यात ठेवलं. आधी चार घास खा म्हणाली, लांबचा रस्ता आहे. मी खाल्लं गं. भाकरी, वांग्याची भाजी, सगळं खाल्लं. नंतर कळलं की सगळ्या गावाला माहीत होतं, मला सोडून. नंतर बाई जेवणार नाही म्हणून आधी तिला जेवू घालायचं. आपल्यात माया अशीच करतात. पण ज्याला एकदा तसं खायला घातलंय, तो पुढं कुणी आग्रह केला की घाबरतो.

मी नातीला फोन लावला. बंद. मुलाला लावला. बंद. ती बाई सांगते ना, आपण ज्यांना फोन केलाय ते आत्ता उपलब्ध नाहीत, ती मला त्या दिवशी सगळं ठाऊक असून लपवतीय असं वाटलं.

दुसरा फोन माहेराहून. माणातल्या आपल्या गावावरून, माझ्या थोरल्या दादाचा. तो काही बोलायच्या आधीच मला मागचं ऐकू आलं. वहिनी रडत होती. हुंदके नव्हेत, आपल्याकडच्या बायका सूर लावून रडतात तसं.

"दादा, वहिनीला काय झालं?"

"काय न्हाई. डोळं आल्यात तिचं." ऐंशीच्या घरातला माणूस, त्याला खोटंसुद्धा धड बोलता येईना. "आमी निघतोय जीपनं. संध्याकाळपातूर पोचतो."

"का येताय?"

"असंच. भेटायला."

ज्वारीची काढणी चाललेली, घरात माणूस पुरत नाही, आणि हा असंच भेटायला निघालाय. मी म्हटलं, "दादा, माझ्या गळ्याची शपथ हाय, सांग." नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "धीर धर. पाणी पी." आणि ठेवला.

मी मग घरात थांबले नाही. पुढच्या खोलीत ते गठ्ठे होते. भिंतीकडं तोंड केलेले, तरी मला त्यांच्याकडं पाठ करवेना. सकाळी चित्र आलं आणि दुपारी फोन. ते चित्रच तिला घेऊन गेलं, असं माझ्या मनात बसलं. मी पायरीवर येऊन बसले, रस्ता दिसेल अशी. प्रत्येक स्कूटीला उठायची, प्रत्येक स्कूटी पुढं जायची. एक रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यानं आवाज करत गेली, ती मिरजेकडं वळली का कुपवाडकडं, हे ऐकायचा मी कानानं प्रयत्न करत होते.

तेवढ्यात शेजारीण आली. हातात पोह्यांची बशी, वर झाकण.

"काकू, हे खाऊन घ्या आधी."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेना.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. जास्त झाले होते."

"खरं सांग. माझ्या पोरीचं काय झालंय?"

तिचे डोळे भरले. "मला खरंच माहीत नाही काकू. तुमच्या खंडाळ्याच्या भावाचा फोन आला. म्हणाले, आक्काला एकटी सोडू नका, चार घास खायला घाला. दुसरं काही बोलले नाहीत."

मी ती बशी पायरीवर ठेवली. हात लावला नाही. खाल्लं की खरं होईल, असं वाटलं. तू हसशील. हस. पण मी त्या पोह्यांकडं बघत बसले आणि शेजारीण माझ्याकडं बघत बसली. पोहे गार झाले, मुंग्या लागल्या. तीन वर्षांची पोर माझ्या मांडीवर गोष्ट ऐकत झोपायची, ते आठवत होतं. त्या गोष्टीतली पोर सावल्यांच्या गावात जाते. मी तिला कुठं पाठवलं होतं रोज रोज, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. ती गोष्ट सांगायलाच नको होती, असं वाटत होतं.

ऊन उतरलं तेव्हा गेटशी स्कूटी थांबली. हेल्मेट काढलं, केस चिकटलेले, कपाळावर वळ उठलेला, हातात डबा. माझी नात.

"आजी, पायरीवर का बसलीस? आणि अशी काय बघतीस भूत बघितल्यासारखी?"

ती जवळ आली तसा मी तिचा हात धरला. मनगट दाबून बघितलं. गरम होता हात, घामट. मी तिच्या पोटरीला हात लावला, दंडाला लावला. ती म्हणाली, "अगं आजी, गुदगुल्या होतात." शेजारीण तोंडाला पदर लावून रडायला लागली, तर ही मला म्हणते, "ह्यांना काय झालं?"

तिनं पेटीतून परत घेतलेला मोबाइल तोवर उघडला नव्हता. पायरीवर बसून उघडला. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा आधी लाल झाला, मग ती हसायला लागली, आणि मधेच तिचं हसू थांबलं. स्वतःला वाहिलेली श्रद्धांजली वाचायची म्हणजे काय. कुणी लिहिलं होतं, फार गुणी मुलगी. कुणी लिहिलं होतं, देव चांगल्यांना लवकर नेतो. ती हळूच म्हणाली, "आजी, ज्या लांबच्या आत्यानं मला कधी वाढदिवसाला फोन केला नाही, तिनं दहा ओळी लिहिल्यात."

मग माझा मुलगा आला. त्यानं गेटवर मोबाइल घेतला होता आणि बघितला होता. पोरीच्या नावानं लोक रडतायत एवढंच त्याला कळलं, का ते कळलं नाही. कुपवाडापासून इथवर तो कसा आला ते त्याला सांगता येईना. बूट न काढता आत आला, लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तसाच उभा राहिला. तोवर ती भुताच्या नावानं मला चिडवत होती, ते तेव्हा बंद झालं.

त्यानं ग्रुपवर लिहिलं, सगळं ठीक आहे, ते पुस्तकाचं चित्र आहे. पण जीपमधल्या दादाला ते कुठं बघायला मिळणार. घाटातनं रेंज नाही. अंधार पडायच्या आत जीप दारात आली आणि वहिनीनं गेटपासूनच गळा काढला. "माझ्या सोन्या, कुठं गं गेलीस आमाला टाकून."

दार उघडलं ते नातीनंच. म्हणाली, "इथंच हाय की आजी. या आत."

वहिनीचा सूर मधेच तुटला. तिनं नातीच्या तोंडाकडं बघितलं नाही, आधी पायांकडं बघितलं. पाय सरळ आहेत ना, ते. मग वर बघितलं. काखेत तिच्या गाठोडं होतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं घेऊन यायचं, त्याला कडू घास म्हणतात. सकाळी बातमी कळल्यावर रडत रडत तिनं भाकरी थापल्या होत्या.

नातीला भूक लागलेली. कारखान्यातनं आलेली पोर ती. सगळे रडण्यात आणि डोळे पुसण्यात, आणि हिनं ते गाठोडं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवला. मी ओरडले. तुला खोटं वाटेल, मी तिच्यावर जन्मात हात उगारला नाही, पण मी तिच्या हातावर फटका मारून तो घास खाली पाडला. तिच्याच मरणाचा घास ती स्वतः खायला निघाली होती. ती माझ्याकडं बघतच राहिली. "आजी, भाकरी आहे नुसती."

"ती नुसती न्हाई," मी म्हटलं.

दादा भिंतीला टेकून बसला होता. टॉवेलनं तोंड पुसत होता. त्याला काही समजेना झालं होतं. नात मोबाइल घेऊन त्याच्याजवळ गेली, चित्र बोटांनी मोठं करून दाखवलं. "हे बघा आजोबा, शेपूट. मेलेल्याच्या फोटोत शेपूट असतंय का?"

"ह्यो कोण म्हणायचा?"

"ड्रॅगन."

"आपल्यात कवा आला ह्यो?" दादा म्हणाला. त्यावर मुलगा हसला, नात हसली. मला हसू आलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अक्षर ओळखत नाही, पण आपल्या माणसांतले सगळे रीतरिवाज तिच्या डोक्यात. ती म्हणाली, "भाकरी माघारी न्हेता येत न्हाई. आन हितं कुणी खायची पन न्हाई. गाईला घाल." मग नातीला जवळ बसवून तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तू कशाला थरथरतीस? कावळ्याचं इसरलीस व्हय?"

मी खरंच विसरले होते. तुला तर माहीतच नसेल. पूर्वी कुणाच्या डोक्याला कावळा शिवला, तर ते मरणाचं लक्षण धरायचे. मग घरातलेच मुद्दाम पाहुण्यांना खोटा सांगावा धाडायचे, अमका गेला म्हणून. पाहुणे रडत यायचे, बघतात तर माणूस दारात उभा. पण रडणं खरं झालेलं असायचं. जेवढ्या रडण्याचा भोग होता तेवढा भोगून झाला, आता अरिष्ट टळलं, असं म्हणायचे. वहिनी स्वतः लहानपणी अशी रडली होती, तिच्या मामासाठी. तो मामा पुढं पुष्कळ जगला.

"आमी माणातनं हितवर रडत आलोय," वहिनी म्हणाली. "दम लागंस्तोवर. खंडाळ्याचं रडलं. सगळी रडली. आता काय ऱ्हायलंय? ह्या पोरीचं आयुष्य वाढलं बघ."

नात म्हणाली, "मग छपाईवाल्याचे आभार मानायला पाहिजेत."

"त्यो गावला तर त्याला कडू घास मी भरवती," वहिनी म्हणाली. तेव्हा मला जरा हसू आलं, त्या दिवसातलं पहिलं.

पण तिनं एक अट घातली. रडणं अर्धं सोडायचं नाही. ज्यांनी ज्यांनी ते चित्र बघितलं, त्यांनी येऊन हिला डोळ्यांनी जिती बघायची आणि हिच्या हातचं काही तरी गोड खायचं. तेव्हा ते तुटतं. नाही तर मनात ते चित्रच राहतं. त्याच वेळी तिनं नातीला शिरा करायला लावला आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या हातून खाल्ला. शेजारणीनंही खाल्ला. मी खाल्ला तेव्हा कुठं दिवसभरात माझ्या पोटात काही गेलं.

छपाईवाला दुसऱ्या दिवशी आला. त्याला मुलानं फोनवर सगळं सांगितलं होतं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आजी, लेकरं माझ्या घरात पण आहेत," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "चेहऱ्यावर कोकराचं स्टिकर मारून देतो, मोठं." नात म्हणाली, नको, मग ढगात कोकरू जाईल. ती म्हणत होती, आहे तशीच विकू, लोक हसतील आणि घेतील. मला ते होणार नव्हतं. पण दुसरं करणार काय? मुखपृष्ठ फाडायचं म्हणजे तिचा चेहरा फाडायचा. जाळायचं म्हणजे काय जाळायचं, ते माझ्या तोंडातून निघत नाही. रद्दीत घालायचं तर कुठल्या तरी भेळेच्या पुड्यावर ती दिसायची. मी ते गठ्ठे बघत बसायची आणि मला वाटायचं, एवढ्या वेळा ती ढगात बसली आहे, ह्यातल्या एकालाही इजा होता कामा नये.

शेवटी मी काजळाची डबी घेतली. एकेक पुस्तक मांडीवर घेतलं आणि तिच्या गालावर टिपका लावला, लहानपणी लावायचे तसा. प्रत्येकावर. आणि मग जून महिन्यात शाळेची पुस्तकं घालतो तसं खाकी कागदाचं कव्हर घालून कडा खळीनं चिकटवल्या. वर मी माझ्या हातानं गोष्टीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. नात कामावरून आली की बसायची मदतीला, आणि तिच्यासमोर तिच्याच चेहऱ्यावर कागद दुमडताना मला प्रत्येक वेळी नको वाटायचं. ती शीळ घालत दुमडायची.

आता ती पुस्तकं लोक नेतात. खाकी कव्हर बघून कुणी नाक मुरडतं, कुणी विचारतं, आत काय आहे. मी म्हणते, गोष्ट आहे. खाली काय आहे ते सांगत नाही. पण कव्हर फाटेल, कुणी तरी उकलेल, ही धास्ती माझ्या मनातनं गेलेली नाही. अजूनही सकाळी तिची स्कूटी वळली की मी हेल्मेट बघते, आणि संध्याकाळी पायरीवर जाऊन बसते. ती रागावते. रागावू दे.

खंडाळ्याचा भाऊ येऊन गेला, शिरा खाऊन गेला. दहा ओळी लिहिणारी ती आत्याही आली, लाजली थोडी, दोन वाट्या खाल्ल्या. सगळे येऊन गेले. राहिलीस ती तूच. वहिनी म्हणते, ती रडली न्हाई, हसली, तिला कशाला लागतंय. असेल तिचं खरं. मला पटत नाही. ते चित्र तुझ्या डोळ्यांखालून गेलंय, तुझ्या त्या मोबाइलमध्ये अजून असेल. म्हणून सांगते, येत्या रविवारी ये. सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील. तिला डोळे भरून बघ, तिच्या हातचं गोड खा, मग पाहिजे तेवढं हस. लवकर ये, बाई.